पस्तीस घरटी

कुमासीच्या आमच्या शाळेत
एका खोलीला दोन कुलपं आहेत.
आधी तिथे मोडकी बाकं असायची,
आता दारावर पाटी : निर्मिती कक्ष.
खाली देणगीदारांचं नाव,
शाळेच्या नावापेक्षा दोन बोटं मोठं.

चाव्या माझ्याकडे.
मुख्याध्यापक म्हणाले होते, "अँपॉन्सा,
काही हरवलं तर तुझ्या पगारातून."
म्हणून पहिलं सत्रभर
मुलांनी यंत्रं खिडकीतूनच पाहिली,
भाव न विचारता मासे पाहावेत तशी.

पुस्तिकेत लिहिलं होतं :
चुका करा. मोडा. पुन्हा जोडा.
कोणाच्या पैशाने, ते लिहिलं नव्हतं.
चित्रातल्या मुलांनी पाखरांसाठी घरटं केलेलं,
बर्फ घसरून पडावा अशा उतरत्या छपराचं.
आमच्यांनीही तेच केलं.
पस्तीस घरटी, एका मापाची.
पाखरं अजून पाण्याच्या टाकीखालीच राहतात.

मार्चमध्ये प्रिंटर बंद पडला.
वीज दोनदा गेली, दोनदा आली, मग वास सुटला.
मी अक्राला तीन पत्रं पाठवली.
तिसऱ्याला उत्तर आलं :
सुटा भाग, अकरा आठवडे.

सेरवा, मागच्या बाकावरची,
जिच्या प्रगतिपुस्तकात मी दोन वर्षं
'लक्ष नसते' एवढंच लिहीत आलो,
ती म्हणाली, "सर, पंखा जळलाय.
मामाला दाखवू?"

मामा सुआमेला फिटर.
सुआमे म्हणजे जिथे मेलेल्या गाड्या
जिवंत गाड्यांना अवयव देत पडलेल्या असतात
पार रस्त्याच्या कडेपर्यंत.
वीस वर्षं मी मुलांना तिची भीती घालत आलो :
अभ्यास कर, नाहीतर सुआमेला जाशील.
तिच्यासमोरही म्हणालो असेन.
असेन काय, म्हणालोच आहे.

शनिवारी तो आला, दाराशी चपला काढल्या.
म्हटलं, राहू द्या.
म्हणाला, तळाला तेल आहे, फरशी नवी दिसते.
हात मात्र घासून आलेला, कपड्यांच्या पावडरीने,
कोपरापर्यंत कातडी पांढुरकी.
यंत्राला त्याने हात लावला नाही.
आधी कान लावला.
मग भाचीला ट्वीमध्ये म्हणाला, "तू खोल."
भिंतीवर सूचना होती : येथे फक्त इंग्रजी.
मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो,
पाठीने झाकून.

बारा स्क्रू.
काढले त्याच क्रमाने तिने वहीवर मांडले,
माझ्या विषयाच्या वहीवर,
जी तोवर मला कोरी वाटत होती.
मामाच्या खिशातून पंखा निघाला,
कुठल्याशा झेरॉक्स यंत्राचा.
वायर दातांनी सोलली तिने, मी ओरडलो,
दोघांनीही ऐकलं नाही.
आणि मग तो आवाज, बारीक, सरळ.

देणगीदारांच्या अर्जात प्रश्न होता : कोणी शिकवलं?
रकाने तीन. शिक्षक. पाहुणे तज्ज्ञ. व्हिडिओ.
मी तज्ज्ञावर खूण केली.
पुढचा प्रश्न : तज्ज्ञाचं शिक्षण.
फोन लावला. तो म्हणाला, चौथी.
मग?
मग मास्टर क्वार्टेंगकडे सात वर्षं.
ते रकान्यात मावेना,
समासात उभं लिहिलं.

सोमवारी सेरवाची आई दारात.
कासावा विकून थेट आलेली.
"हिचे हात स्वच्छ राहावेत म्हणून मी फी भरते.
भावाचे हात मी रोज बघते, सर.
नखाखालचं काळं
त्याच्या लग्नातही निघालं नव्हतं."
मी यंत्राबद्दल बोललो, भविष्याबद्दल बोललो.
तिने ऐकून घेतलं,
गिऱ्हाईक घासाघीस करतं तेव्हा ऐकतात तसं.
तिला द्यायचं उत्तर
मला अजून सुचलेलं नाही.

सेरवा येते मात्र, हातमोजे घालून,
आईने घेतलेले, भांडी घासायचे, पिवळे.
काल विचारत होती,
"ती पस्तीस घरटी मोडू का?
लाकूड चांगलं आहे."

म्हटलं, वरती विचारून सांगतो.
ती उभीच राहिली.

म्हटलं, मोड.